बांधले माणसाने, सांभाळायचे कुणी?

थंडी पडू लागली की घरोघरी सहलीचे बेत सुरू होतात. शिर्डी झाली, वणी झाली, त्र्यंबकेश्वर झाले, आता नाशिकच्या बाजूला पाहायचे काय उरले, असे आपण सहज म्हणून जातो. पण नाशिकपासून साधारण चाळीस किलोमीटरवर, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमावर एक जागा आहे. तिथे मोठे देवस्थान नाही की बाजार नाही. आहे ते पाणी, चिखल, लव्हाळे आणि हजारो पक्षी. नांदूरमधमेश्वर हे तिचे नाव. महाराष्ट्रातल्या पाणथळ जागांपैकी आंतरराष्ट्रीय यादीत सर्वांत आधी नाव लागले ते हिचे. आणि गंमत अशी, की ही जागा निसर्गाने केलेलीच नाही. ती माणसाने केली, तीसुद्धा ठरवून नव्हे!

आज या जागेविषयी थोडे सविस्तर लिहायचे आहे. नुसते "पक्षी फार छान असतात हो" एवढ्यावर थांबायचे नाही. अशी जागा टिकते कशी, बिघडते कशी, आणि तिच्याशी आपल्या मोरीतल्या पाण्याचा काय संबंध, हेही पाहू या.

आधी पाहुण्यांची ओळख

पक्ष्यांची मराठी नावे इतकी गोड आहेत की आपली आपल्यालाच मौज वाटावी. एका बदकाचे नाव आहे हळदीकुंकू. त्याच्या चोचीचे टोक पिवळे असते आणि चोचीच्या मुळाशी, कपाळाला लागून, दोन तांबडे ठिपके. नाव ठेवणारी नक्की कुणी सवाष्णच असली पाहिजे! दुसरा एक काळा पक्षी, कपाळावर पांढरा टिळा, थव्याथव्याने पाण्यावर चाललेला. त्याला म्हणतात वारकरी. लांब चपटी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत भक्ष्य टिपणारा तो चमच्या. आणि संस्कृत काव्यातून विरहासाठी प्रसिद्ध झालेला चक्रवाक इथे खराखुरा पाहायला मिळतो, विटकरी-केशरी अंगाचा. हा लडाख-तिबेटाकडचा, थंडीत आपल्याकडे उतरतो.

कमळपक्ष्याची गोष्ट तर मुद्दाम सांगायला हवी. लांबलचक बोटांमुळे हा तरंगत्या पानांवरून न बुडता चालतो. यांच्यात मादी आकाराने मोठी. ती अंडी घालते आणि निघून जाते. अंडी उबवायची, पिल्ले फिरवायची, त्यांना जपायचे, हे सारे काम नराचे. घरी जेवताना ही माहिती जरूर सांगा आणि समोरच्या चेहऱ्यांकडे पाहा!

यांतले कितीतरी पक्षी मध्य आशियातून, सैबेरियातून, हिमालय ओलांडून येतात. एवढा प्रवास करून ते इथेच का उतरतात? कारण इथे उथळ पाणी आहे. बगळा, चमच्या, चित्रबलाक यांना पाण्यात उभे राहून खायचे असते. त्यांना हवे घोट्या-गुडघ्याएवढे पाणी, खाली चिखल आणि त्या चिखलात किडे, शिंपले, लहान मासे. खोल पाणी त्यांच्या कामाचे नाही आणि कोरडी जमीनही नाही. अशा ना धड नदी, ना धड जमीन असलेल्या जागेलाच पाणथळ म्हणतात.

धरायचे होते पाणी, जमला गाळ

निफाड-सिन्नर-कोपरगाव हा सारा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. घाटावर धो-धो पाऊस आणि खाली आले की आभाळ कोरडे. म्हणून इंग्रजी अमदानीत, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, या संगमावर दगडी बंधारा घातला. वरच्या धरणांतून नदीत सोडलेले पाणी इथे अडवायचे आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी शेतांकडे वळवायचे, एवढाच हेतू. पक्ष्यांचा विचार कुणाच्या स्वप्नातही नव्हता.

पण नदी एकटे पाणी आणत नाही, मातीही आणते. बंधाऱ्यापाशी तिची धाव मंदावली, तसा गाळ खाली बसू लागला. भांड्यात चिंचेचा कोळ ठेवला की तळाशी कसा साका बसतो, तसेच. वर्षानुवर्षे गाळ साचून बेटे झाली, उथळ काठ झाले. त्यावर पाणवनस्पती उगवल्या, त्यांच्या आश्रयाने किडे आणि मासे आले, आणि त्यांच्यामागून पक्षी आले. इंजिनियरच्या दृष्टीने गाळ म्हणजे बंधाऱ्याचा शत्रू. पक्ष्यांच्या दृष्टीने तेच अंथरलेले ताट! १९८६ साली सरकारने इथे अभयारण्य जाहीर केले. पक्षिमित्र याला कौतुकाने "महाराष्ट्राचे भरतपूर" म्हणतात.

शाळेत आठवीच्या वर्गात मी हे सांगत होते, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, पण हे तर माणसांनी बांधलंय. मग त्याला निसर्ग कसं म्हणायचं?" प्रश्न मोठा मार्मिक. मी तिला म्हटले, "तुमच्या अंगणातली तुळस कुणी लावली?" "आजीनं." "मग ती तुळस खोटी का?" वर्ग हसला. पण ती मुलगी काही हसली नाही. ती म्हणाली, "नाही, पण आजी रोज पाणी घालते ना. इथं कोण घालतं?"

मुलीने नेमके बोट ठेवले होते. आपोआप झालेली जागा आपोआप राहते, निदान बराच काळ. माणसाने केलेली जागा माणसाने हात काढून घेतला की बिघडते. इथे पाणी कधी सोडायचे, किती ठेवायचे, गाळ कुठला काढायचा, कुठली वनस्पती माजू द्यायची नाही, हे कुणीतरी सतत पाहावे लागते. घर एकदाच बांधतात, पण केर रोज काढावा लागतो. हे आपल्याइतके कुणाला ठाऊक?

परदेशात झालेला एक करार

आता थोडे बाहेरच्या जगात जाऊ. पूर्वी जगभर दलदल म्हणजे रोगट, निरुपयोगी जागा, असाच समज होता. भर घाला, शेते करा, इमारती उठवा. युरोपात ही भर इतक्या वेगाने पडली की पाणपक्ष्यांची संख्या घटू लागली आणि अभ्यासक जागे झाले. १९६२ साली फ्रान्सच्या दक्षिणेला त्यांची एक परिषद भरली. स्वित्झर्लंडचे ल्यूक हॉफमन, इंग्लंडचे जेफ्री मॅथ्यूज, इराणचे इस्कंदर फिरूझ अशा मंडळींनी पुढे कित्येक वर्षे देशोदेशींच्या सरकारांशी बोलणी केली. अखेर २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमध्ये, कॅस्पियन समुद्राकाठच्या रामसर या गावी अठरा देशांनी एक करार मान्य केला. गावावरून त्याचे नाव पडले रामसर करार. १९७५ मध्ये तो अमलात आला आणि भारत १९८२ साली त्यात सामील झाला. आज पावणेदोनशेच्या आसपास देश त्यात आहेत. २ फेब्रुवारीला जगभर पाणथळ दिन पाळतात तो याचमुळे.

देशोदेशींनी एकत्र का यावे लागले? कारण पक्ष्याला पासपोर्ट नसतो. चक्रवाक अंडी घालतो तिबेटात आणि हिवाळा काढतो आपल्याकडे. दोन घरांपैकी एक जरी मोडले तरी त्याचा संसार मोडला.

या करारातल्या दोन गोष्टी मला फार पटल्या. पहिली म्हणजे पाणथळ कशाला म्हणायचे याची व्याख्या. नैसर्गिक असो की माणसाने केलेली, कायमची असो की हंगामी, पाणी गोडे असो की खारे, वाहते असो की साचलेले, सगळ्यांना त्यात जागा आहे. म्हणजे आमच्या आठवीतल्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर या लोकांनी १९७१ सालीच देऊन ठेवले होते. दुसरी गोष्ट म्हणजे "शहाणपणाने वापर". जागेला कुलूप घाला असे हा करार म्हणत नाही. मासे धरा, गवत कापा, पाणी घ्या, पण जागेचा मूळ गुण राहील अशा बेताने. दिवाळीपर्यंत तूप पुरवायचे तर आज चमचा किती मोठा घ्यायचा, हा हिशेब ज्या बाईला जमतो तिला हे निराळे शिकवायला नको.

मात्र या करारामागे पोलीस नाहीत. यादीतली जागा कुणी बिघडवली तर दंड नाही, तुरुंग नाही. एक वेगळी यादी तेवढी आहे, तिला माँत्रो नोंदवही म्हणतात. ज्या जागांची प्रकृती बिघडली आहे किंवा बिघडायला लागली आहे, त्यांची नावे तिच्यात घालतात. ओरिसातल्या चिलिका सरोवराचे नाव १९९३ साली तिच्यात गेले होते. गाळाने समुद्राकडचे तोंड बुजत आले होते, पाण्याचा खारेपणा कमी झाला होता, मासळी घटली होती. २००० साली समुद्राकडे नवे तोंड काढले, मासळी परतली आणि २००२ मध्ये नाव वहीतून निघाले. म्हणजे मनावर घेतले तर दुखणे बरे होते.

नांदूरमधमेश्वरची नोंद या करारात झाली जून २०१९ मध्ये, आणि आपल्यापर्यंत बातमी आली २०२० च्या जानेवारीत. क्षेत्र १,४३७ हेक्टर, म्हणजे सुमारे साडेतीन हजार एकर. नोंदीत वनस्पती, मासे, पक्षी, प्राणी मिळून ५३६ जाती दिल्या आहेत. त्यात निफाडच्या उसात दडणारा बिबट्या आहे, चंदन आहे, नामशेष होत चाललेली गिधाडे आहेत, आणि देवळालीचे नाव लावणारा एक चिमुकला, अत्यंत दुर्मिळ मासाही आहे. नंतर लोणार सरोवर (२०२०) आणि ठाण्याची खाडी (२०२२) ही नावेही यादीत आली.

भरतपूरचा धडा

नांदूरला "महाराष्ट्राचे भरतपूर" म्हणतात, तर खऱ्या भरतपूरवर काय गुदरले तेही ऐकले पाहिजे. राजस्थानातले हे केवलादेव पक्षितीर्थही माणसानेच केलेले. अठराव्या शतकात राजा सूरजमलने तिथे बांध घातला, खोलगट जागेत पाणी साचू लागले, पक्षी आले. पुढे संस्थानिकांनी आणि साहेबांनी तिथे बदकांच्या शिकारी केल्या. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगोच्या शिकारीत एका दिवसात चार हजारांहून अधिक पक्षी पडले. नंतर शिकार थांबली, १९८१ मध्ये रामसर यादीत नाव आले, राष्ट्रीय उद्यान झाले, १९८५ मध्ये जागतिक वारसा झाला. कागदोपत्री आणखी काय हवे?

पण १९८२ साली उद्यानात गुरे चारायला बंदी झाली. आसपासच्या गावांची म्हशी-गुरे पिढ्यानपिढ्या तिथे चरत होती. लोक चिडले, चकमक झाली, पोलिसांच्या गोळीबारात गावकऱ्यांचे जीव गेले. बंदी घालणाऱ्यांचा हेतू चांगला होता. गुरे गेली की पक्ष्यांना निवांतपणा मिळेल असे थोरामोठ्या तज्ज्ञांनाही वाटत होते. घडले भलतेच. म्हशी गेल्या आणि पाणगवत माजले. उघडे पाणी झाकले गेले, बदकांना उतरायला जागा उरेना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी अनेक वर्षे मोजदाद केली, तेव्हा कळले की ज्यांना उपद्रव समजून बाहेर काढले, त्या म्हशीच रोज तिथला केर काढत होत्या! पुढे गावकऱ्यांना गवत कापून न्यायची मुभा द्यावी लागली. १९९० मध्ये भरतपूरचे नाव त्या माँत्रो नोंदवहीत गेले.

दुसरे संकट पाण्याचे. वरच्या अंगाला, गंभीर नदीवर धरण झाले. शेतकऱ्यांना पाणी हवे होते, त्यांचेही चूक म्हणता येत नाही. पण पावसाने ओढ दिलेल्या वर्षांत भरतपूर कोरडे पडू लागले आणि दुसरीकडून पाणी आणायची पाळी आली. थंडीत तिथे येणारे पांढरेशुभ्र सैबेरियन क्रौंच तर वर्षावर्षाला कमी होत गेले होते. वाटेतल्या देशांतली शिकार हे त्याचे एक मोठे कारण. २००२ नंतर ते भरतपूरला दिसले नाहीत.

यात मला दिसते ते असे, की संरक्षण म्हणजे माणसाला हाकलणे नव्हे, आणि पाटी लावून मोकळे होणे तर नव्हेच. जागा ज्यांच्या हातून घडली आणि ज्यांच्या वापरात राहिली, त्यांना बरोबर घेऊनच ती राखावी लागते.

नांदूरचे दुखणे आणि आपली मोरी

नांदूरमधमेश्वरला आज सर्वांत मोठा त्रास आहे जलपर्णीचा. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती. फुले जांभळी, मोठी देखणी, आणि त्या देखणेपणामुळेच माणसाने ती देशोदेशी नेली. ती पाण्यावर पसरली की चादर अंथरल्यासारखी होते. खाली उजेड जात नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात. तिचे खाद्य म्हणजे सांडपाणी आणि शेतातून वाहून येणारे खत. नाशिक शहर नदीच्या वरच्या अंगाला. तिथल्या मोऱ्या आणि वाटेतल्या द्राक्षबागा, ऊस, कांद्याची शेते, या सगळ्यांचे पाणी शेवटी इथे येऊन थांबते. गोदाघाटावर जे सोडतो ते "गंगेला अर्पण" होत नाही, बायांनो. ते बंधाऱ्यापाशी अडते.

दुसरी ओढाताण पाण्याची. कालव्याला आवर्तन हवे, शहराला पिण्याचे हवे, खालच्या जायकवाडीचाही वाटा आहे. पक्षी अर्ज करत नाहीत, म्हणून त्यांचा हिस्सा धरायचे राहून जाते.

आणखी एक गोष्ट बारकाईने समजून घ्या. नांदूर अभयारण्य आहे म्हणून त्याला कायद्याचा आधार आहे. पण २०१७ च्या केंद्राच्या पाणथळ नियमांत पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी खास बांधलेली तळी "पाणथळ" या व्याख्येतून वगळली आहेत. म्हणजे आपल्या गावाबाहेरचा जुना तलाव, जिथे थंडीत चार वारकरी आणि हळदीकुंकू उतरतात, त्याला हे नियम पुरे पडत नाहीत. रामसरच्या व्याख्येत तो बसतो, आपल्या नियमांत नाही. मग त्यात राडारोडा पडतो, कडेने प्लॉट पडतात आणि एका पावसाळ्यात पाणी आपल्या स्वयंपाकघरात येते. तेव्हा कळते की तो तलाव इतकी वर्षे कुणाचे पाणी पोटात घेत होता! असा तलाव राखणार कोण? ज्यांच्या डोळ्यांसमोर तो आहे ते. म्हणजे आपणच.

घरच्या घरी एवढे करा

• बागेतल्या हौदात जलपर्णी लावू नका. असेल तर उपटून उन्हात पूर्ण वाळवा आणि खतात घाला. नाल्यात फेकू नका. काचेच्या पेटीतले शोभेचे मासेही ओढ्यात सोडू नका.

• धुण्याची पावडर मापाने घ्या. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ, हा भ्रम आहे. काही पावडरींत फॉस्फेट असते, आणि ते पाणवनस्पतींचे खतच. पाकिटावर वाचून घ्या.

• तळणीचे उरलेले तेल मोरीत ओतू नका. जुन्या कागदात टिपून कचऱ्यात टाका.

• निर्माल्य कुंडीत जिरवा. शाडूची लहान मूर्ती घरी बादलीत विसर्जित करा आणि ते पाणी झाडांना घाला. भक्ती उणावत नाही.

• गावातल्या तळ्याची नोंद कुठे आणि कुणाच्या नावे आहे, हे महिला मंडळातर्फे नगरपालिकेत विचारा. एकटीने विचारले तर "नंतर या" म्हणतात. दहा जणी गेल्या की खुर्च्या मांडतात!

आणि जाणार असाल तर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. चापडगावच्या बाजूला पक्षी पाहण्यासाठी मनोरे आहेत आणि गावातले तरुण वाटाडे म्हणून मिळतात. त्यांना जरूर घ्या आणि ठरलेले पैसे घासाघीस न करता द्या. पक्ष्यांमुळे गावाला चार पैसे मिळाले तर गाव पक्षी राखील. पहाटे निघून उजाडताना पोहोचा. भडक साड्या नकोत, मातकट किंवा हिरव्या रंगाचे कपडे बरे. दुर्बीण न्या, मुलांना वही-पेन्सिल द्या. दशम्या आणि चटणी फडक्यात बांधून न्या, म्हणजे प्लॅस्टिकचा प्रश्नच येत नाही. गाणी, आरडाओरडा, पक्ष्यांना चिवडा टाकणे, हे काही नको. थवा उगीच उडवून फोटो काढायचा मोहही नको. हजारो मैल उडून आलेल्या जिवाची तेवढी शक्ती फुकट जाते.

मुलांना पक्षी दाखवून झाले की बंधाराही जरूर दाखवा. हा माणसांनी बांधला आणि माणसांनीच जपायचा आहे, हे सांगा.

तुमच्या गावाजवळ असे तळे असेल, तुमच्या मंडळाने त्यासाठी काही केले असेल, तर आठवणीने लिहा. जागा असेल तशी पत्रे छापू. पुढच्या आठवड्यात भेटूच.